कढईतला रस्ता

तेरवी झाली, मांडवाची कापडं उतरली, किरायाची भांडी परत गेली आणि मी कणकेचा डबा धुवायला घेतला. रडू आलं नव्हतं. दहाव्याला शेजारची गुलाब मला न्हाणीजवळ ओढून म्हणाली होती, "दीदी, थोड़ा तो रो लो. सब देख रहे हैं." मी म्हटलं, "देखने दे. पहले पूरी तल लूँ."

गेल्या त्या माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी. आमच्या भंडाऱ्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला मामीजी. एका गॅसच्या दोन बर्नरवर आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य काढलं. त्यात भांडणं जास्त डाव्या बर्नरवरून, कारण तो नीट पेटायचा. त्या गेल्यावर दोन्ही बर्नर माझे झाले आणि मी उजवाच वापरत राहिले. त्यापलीकडे मला आत काही सापडत नव्हतं. डब्यात हात घालावा आणि डब्याचा तळच हाताला लागावा, तसं.

त्या गेल्या त्याला कारण रस्ता. असं म्हटलं तर लोक हसतील, पण पायऱ्यांचा हिशोब सरळ आहे. आमचं घर भिलाईच्या जुनवानीत, रस्त्याला अगदी लागून. मामाजी नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ते बांधलं, तेव्हा रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. पायऱ्यांना मामीजींनी हट्टानं निळ्या टाइल्स लावून घेतल्या होत्या. मग दर चार-पाच वर्षांनी रस्त्याचं खातं यायचं, जुन्या डांबरावर नवं डांबर चढवायचं आणि फोटो काढून जायचं. पहिली पायरी बुजली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरी बुजली तेव्हा मामीजी म्हणाल्या, "चला, माह्या गुडघ्यायचं भलं केलं सरकारनं." तिसरी बुजली आणि आम्ही घरात चढून येण्याऐवजी उतरून यायला लागलो.

मागच्या पावसाळ्यात रस्त्याचं पाणी दारातून थेट बैठकीत आलं. पहाटेची वेळ. मामीजी तांदळाची कोठी सरकवायला लगबगीनं गेल्या, घसरल्या, कमरेचं हाड मोडलं. मग दवाखाना, मग पलंग, मग थंडी, मग तेरवी.

उन्हाळा लागला आणि रस्त्याच्या खात्याची माणसं परत आली. मामाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज खाणीतलाच.

"आता काय छपरावर टाकता का डांबर?" त्यांनी विचारलं.

त्या माणसांत एक मुलगी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात बूट, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी. तिनं मराठीत उत्तर दिलं, तेव्हा मामाजी जरा सावरून बसले.

"नाही आजोबा. या वेळी वर काहीच नाही चढवत. उलट काढून राहिलो."

तिचं नाव उन्नती. भिलाई-3 ची, वडील रेल्वेत, मूळ नागपूरकडचे. काम ठेकेदाराचं, पण ते कागदाबरहुकूम होतं की नाही हे पाहायला खात्यानं नेमलेल्या कंपनीची ही इंजिनियर. तिला चाचण्यांसाठी साइटजवळ एक खोली हवी होती. आमची बैठक मोकळीच होती. पाणी शिरलं त्या दिवसापासून तिथं कोणी बसत नव्हतं. ज्या फरशीवर मामीजी पडल्या, तिथं आता तिचा वजनकाटा, चाळण्या आणि एक लहान ओव्हन आला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी फरशी पुसून दिली.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. मालगाडीचे दोन-तीन डबे जोडावेत एवढं लांब. पुढे गरम डांबराचा टँकर, पाण्याचा टँकर आणि त्यांच्या मागे ते धूड. त्याच्याही आधी मजूर रस्त्यावर सिमेंटची पोती फोडून पातळ थर पसरत चालले होते. मशीन जुना रस्ता पोटात घ्यायचं आणि मागून तोच रस्ता काळ्या भुसभुशीत मातीसारखा सोडत जायचं. त्यावर रोलर.

मामाजींनी राजदीपला, म्हणजे मशीनच्या फोरमनला थांबवलं. "गरम नहीं करते?"

"नहीं बाबूजी, ठंडा काम है."

"ठंडा डामर चिपकेगा कैसे?"

राजदीपनं उन्नतीकडे बोट केलं. ती म्हणाली, "आजोबा, रस्ता थंडाच राहते. फक्त नवं डांबर गरम, तेबी थोडंसं. त्यात बारीकसं पानी मारलं का ते दुधासारखं फेसते. तो फेस जुन्या गिट्टीले धरून ठेवते."

"आनि लेवल?"

"आधी वरून चार बोटं खरवडून ट्रकनं नेलं. आता हे खालचं तिथल्या तिथं दळून परत टाकून राहिलो. हे सुकलं का यावर एक पातळ थर. तरीबी रस्ता तुमच्या दारापेक्षा खालीच राहीन. आन उतार पलीकडच्या नालीकडं."

त्या दुपारी मजुरांनी आमच्या दारापाशी कडा साफ केली, तेव्हा डांबरातून निळ्या टाइलचा एक तुकडा वर आला. तिसरी पायरी. कोपरा तुटलेला, पण पायरीच. मामाजींनी खुर्चीवरून उतरून, खाली बसून, आपल्या दुपट्ट्यानं ती पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. नंतर त्यांनी गेटच्या खांबाला एक खिळा ठोकला आणि त्याला सुतळी बांधून पलीकडच्या खांबापर्यंत ताणली. रस्ता सुतळीला टेकला तर ते भांडणार होते.

संध्याकाळी उन्नती चहाला स्वयंपाकघरात येऊन बसायची. बैठकीत तिला करमत नसावं. मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही, पण पाट्या वाचत, पुड्यांचे कागद वाचत इंग्रजीशी ओळख ठेवली आहे. तिच्यापाशी रस्त्याच्या कामाचं जाडजूड पुस्तक असायचं. मी एकदा विचारलं, "एवढं काय लिहून ठेवलं? रस्ता करा, एवढं लिहिलं तर नाही चालत?"

"चालते नं काकू. मग ठेकेदार त्याच्या मनासारखा करते." ती हसली. "दोन पद्धती राहतात लिहायच्या. एक म्हंजे त्याले सांगा, असं कर, तसं कर, इतके फेरे रोलर फिरव. मग त्यानं तेवढे फेरे फिरवले का तो मोकळा. रस्ता दबला का नाही ते तुमचं तुम्ही पाहा. दुसरी म्हंजे सांगा, मले एवढा दबलेला रस्ता पाह्यजे. फेरे किती ते तुह्यं तू पाहा, मी शेवटी मोजून घेईन."

मामीजींनी मला कधी कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या नाहीत. डाळ बोटानं दाबून पाहायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." आई मात्र शिट्ट्या मोजायची. मला अचानक कळलं की लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी कशावरून रडत होते. तेव्हा यायचं रडू.

"आन हे सुकायचं कसं लिहितात?" मी विचारलं.

"तेच तं. पहिले लिहून ठेवत, इतके दिवस थांबा आन मग वरचा थर टाका. ठेकेदार दिवस मोजे आन टाके. आत पानी राहिलं का गेलं, कोन पाहते? वरून बंद केलं का ते आतच राहते. मग एक-दोन पावसाळ्यात वरचा थर उखडते. म्हणून आमच्या कागदात दिवस नाही लिहिले. शंभर ग्रॅम मालात दोन ग्रॅमच्या खाली पानी आलं पाह्यजे. मग चार दिवस लागो का चाळीस."

"म्हणजे तेरवी नाही."

"काय काकू?"

"काही नाही. चहा गार होऊन राहिला तुझा."

ते भुसभुशीत काळं आता दाबून टणक झालं होतं. हळू चालणाऱ्या गाड्या सोडल्या होत्या त्यावरून. मे महिना, भिलाईचं ऊन. दोन-तीन दिवसांत खडखडीत व्हायला हवं, असं उन्नती म्हणाली. पण बैठकीतल्या ओव्हननं पहिल्याच दिवशी आमचा फ्यूज उडवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच जळाला. नवा रायपूरहून यायचा होता.

उन्नती दारात अवघडून उभी. "काकू, एक विचारू? तुमच्याजवळ जुनी कढई आहे का? तोवर गॅसवर भाजून चालते. वजन करायचं, भाजायचं, परत वजन करायचं. जेवढं कमी झालं तेवढं पानी."

मी मामीजींची कढई काढली. लोखंडी, एका कानाची. त्यांच्याशिवाय कोणी वापरत नव्हतं. उन्नतीनं पिशवीतून रस्ता ओतला, मंद आच केली आणि ती उलथन्यानं परतत बसली. घरभर पेटलेल्या टायरसारखा वास. गुलाब खिडकीतून डोकावून म्हणाली, "दीदी, ये कौन-सी सब्ज़ी है?"

"रोड का भरता," मी म्हटलं.

कुठला तुकडा उचलायचा हे उन्नती ठरवत नव्हती, राजदीपही नाही. कागदात तसंच होतं. चिठ्ठी काढावी तसे आकडे निघायचे आणि त्या आकड्याच्या जागी जाऊन खणायचं, म्हणजे कोणी आपल्या सोयीची कोरडी जागा दाखवू शकत नाही. एक आकडा आमच्या गेटसमोर पडला.

बाकी सगळे तुकडे पास झाले. आमचा नाही. कढईतून वाफ निघतच राहिली. उन्नतीनं दुसऱ्या दिवशी तिथंच परत खणलं, शिवाय दोन्ही बाजूंना थोडं थोडं अंतर सोडून. बाजूचे दोन्ही कोरडे. आमच्या दारासमोरचा ओला.

राजदीप म्हणाला, "मैडम, मशीन सही है. आपका पॉइंट गलत है."

उन्नतीला वाटलं, खालून पाण्याचा पाइप फुटला असेल. पाइपवाले आले, खणून पाहिलं, पाइप ठणठणीत. तिनं तिसऱ्यांदा भाजलं. तेच.

त्या दिवशी खात्याचे मोठे साहेब गाडीतून उतरले, सुतळी पायानं बाजूला सारली, आकाशाकडे पाहिलं आणि हिंदीत काय ते बोलून गेले. उन्नती माझ्यापाशी येऊन बसली. मी चहा ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एका दारासाठी पूर्ण रस्ता उघडा नाही ठेवू शकत. पाऊस यायच्या आधी एवढा तुकडा सुकला नाही तं इथं जुनीच पद्धत. वरून जाड थर टाकायचा, दोन्हीकडून उतार जुळवून द्यायचा. पानी आत राहिलं तरी जाडीनं तग धरून जाईन."

"किती जाड?"

तिनं वीत दाखवली. मग थोडी कमी केली.

पायरी पुन्हा बुजणार, एवढं मला समजलं. मामाजींनाही समजलं. त्यांनी खांबावरची सुतळी काढून पुन्हा घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा आधी उठले. उजाडत होतं. बाहेर पाण्याचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं तर मामाजी गेटबाहेर उभे. धोतर खोचलेलं, पायाशी बादली. ते ओंजळीनं रस्त्यावर सडा टाकत होते. डावीकडून उजवीकडे, मनगट वळवून, अगदी मामीजी टाकायच्या तसा. बादली संपली की आत येऊन नळावर भरायची आणि परत.

मामीजींनी सड्याचा एक दिवस चुकवला नव्हता. अंगण रस्ता रुंद करण्यात गेलं, तर त्या रस्त्यावरच टाकायच्या. मामाजी नोकरीभर खाणीत पाण्याचा टँकर चालवत. चुनखडीची धूळ बसावी म्हणून डंपरच्या रस्त्यावर दिवसभर पाणी मारत फिरायचे. मामीजी म्हणायच्या, "घरी मी मारतो, खानीत तुमी मारता. भिलाईतली धूळ आपल्या दोघायवरच चालू हाय." त्या पलंगाला खिळल्या तेव्हापासून सडा बंद होता. मी टाकला नाही. मला कोणी सांगितलं नाही आणि माझ्या मनात आलं नाही. तो कधीपासून पुन्हा सुरू झाला, तेही मला ठाऊक नव्हतं.

मी खिडकीतून मागे झाले आणि दूध तापायला ठेवलं. हेच ते पाणी, हे कळत होतं. कळून पुढे काहीच होत नव्हतं.

आमचे हे, म्हणजे पुंडलिक, नाइट शिफ्ट करून आले. मी त्यांना सांगितलं. ते बूट काढता काढता थांबले.

"बाबाले सांगू नको."

"मग रस्ता?"

"त्यायले कळलं का आपनच भिजवून राहिलो, तं... आई कशानं पडली, तुले माहीत हाय नं."

"म्हणून तर सांगायला पाहिजे."

"तू काहीतरी कर. बादली लपव."

आणि ते झोपले. स्टील प्लांटमधून आलेला माणूस कोणत्याही प्रश्नावर झोपू शकतो.

मी बादली लपवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मामाजींनी मामीजींचा पाण्याचा पितळी गुंड काढला. तो बादलीपेक्षा मोठा. लखलखत होता, चिंचेनं घासलेला होता. म्हणजे आदल्या संध्याकाळी बसून घासला असणार. मी दारात जाऊन उभी राहिले.

"मामाजी, एवढं कशाला टाकता?"

"नवा रस्ता भल्ला पानी पिते," ते खाली पाहतच म्हणाले. "पहिले दोन ओंजळी टाकल्या का चमके. आता कितीबी टाक, पिऊनच घेते. आनि त्यायनं सिमेंट टाकलं नं खाली. आपल्या स्लॅबले पंधरा दिवस पानी देल्लं होतं, तवा पक्का झाला. हे पोट्टे काहीच देऊन नाही राहिले. म्हटलं आपल्या दारापुरतं तरी पक्कं होऊ दे."

त्यांनी गुंड भरला, त्याला दोन्ही हातांनी सांभाळत नेला. त्यांच्या हाताला आता तेवढं ओझं पेलत नव्हतं.

त्या दिवशी आकाश मळलं. दुर्गकडून ढग येऊन उभे राहिले. उन्नतीनं सकाळी शेवटचं म्हणून दोन ठिकाणचा माल आणला, एक गुलाबच्या घरासमोरचा आणि एक आमच्या. तिनं दोन्हींचं वजन करून घेतलं तेव्हा मी म्हटलं, "थांब. दोन्ही एकदम ठेवू." डावा बर्नर पेटवला. तो लगेच पेटला. एकावर मामीजींची कढई, दुसऱ्यावर माझी.

मग मी हाक मारली. "मामाजी, जरा इकडं या."

ते दारात येऊन थांबले. स्वयंपाकघरात सासरा सहसा येत नाही. मी पाट सरकवला. ते बसले नाहीत.

"हे गुलाबच्या दारातलं," मी उजवी कढई दाखवली. काळे खडे नुसते गरम होत होते. "आणि हे आपल्या."

आपल्या कढईतून वाफ निघत होती. खिडकीतून आलेल्या उजेडात ती सरळ वर जात होती, आणि वर धरलेल्या ताटलीवर थेंब जमत होते. मी ताटली उलटी करून त्यांच्यासमोर धरली. उन्नती मागे उभी होती. तिला काही कळलं होतं की नाही, माहीत नाही.

"सिमेंट नावाला हाय त्यात," मी म्हटलं. "हे आतून सुकावं लागते. सुकलं तरच वरचं टाकतात. नाहीतर जाड थर टाकून बंद करून टाकतील."

मामाजी ताटलीकडे पाहत राहिले. एक थेंब घरंगळत कडेला आला आणि फरशीवर पडला. माणसानं आयुष्यभर रस्त्यावर पाणी मारलं होतं. त्याला पाणी कुठून आलं हे विचारायची गरज नव्हती.

"हे माह्यंच होय," ते म्हणाले.

त्यांनी वाकून दुपट्ट्यानं फरशीवरचा थेंब पुसला.

"तिनं एक दिवस खाडा नाही केला," ते म्हणाले. मग वळले, बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी गुंड उचलला, राहिलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि गुंड भिंतीपाशी पालथा घातला. मग खुर्चीत बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तो चेहरा ओळखला. सकाळी आरशात तोच असतो.

उन्नतीनं हळूच विचारलं, "काकू, पानी कोन टाके?"

"टाकत होते. आता नाही टाकणार."

तिनं कढई उतरवली, वजन केलं, लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. साहेबांना फोन करून म्हणाली, "सर, कारण सापडलं, लोकल था, बंद हो गया. पाऊस यीन तोवर तरी वेळ द्या." अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. साहेब मराठी नव्हते, पण हो म्हणाले असावेत.

मग मामाजी पहाऱ्यावर बसले. गुलाबनं कपड्यांचं पाणी रस्त्यावर फेकलं तर ते खुर्चीतून उठले. "ए गुलाब, उधर नाली में डाल." "काहे गा बबा, पहिली तो तैं खुद डारत रहे," गुलाब म्हणाली. आधी तूच टाकायचास, हा तिचा टोमणा ऐकून न ऐकल्यासारखं करून ते बसले. चहाच्या टपरीवाला गिलास विसळून पाणी झटकायचा, त्याला सांगून आले. एक गाय आमच्या दारासमोर थांबली आणि मुतायला लागली, तर तिच्या पाठीवर दुपट्टा मारत तिला पुढं नेलं. राजदीप टँकरवर बसून हे सगळं बघत होता. म्हणाला, "बाबूजी को हम परमानेंट रख लेते हैं."

मामाजी जेवायला आत आले नाहीत. मी ताट बाहेर दिलं. हात धुवायचा तर मागच्या दारी जाऊन धुवून आले.

ऊन एक दिवस पडलं, एक दिवस ढगांत गेलं, मग पुन्हा पडलं. रात्री गार वारं सुटलं, पण पाऊस पलीकडेच कुठं तरी पडून गेला. मी पहाटे उठत होते, सवयीनं. पाण्याचा आवाज नसायचा. मामाजीही उठलेले असायचे, ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसलेले. मी चहा नेऊन द्यायची. आम्ही दोघंही रस्त्याकडे पाहायचो.

एका सकाळी उन्नती पिशवी घेऊन आली आणि कढई मागितली. तोवर नवा ओव्हन आला होता, बैठकीत झाकून ठेवला होता. मी कढई दिली. तिनं परतलं. मामाजी या वेळी स्वतःच येऊन पाटावर बसले. मी ताटली धरली. वाफ आली, थोडी, आणि थांबली. ताटलीवर नुसतं धुरकट वलय उरलं.

उन्नतीनं काट्यावर ठेवलं, हिशोब केला, मग पुन्हा केला. "दीड," ती म्हणाली.

"पास?" मामाजींनी विचारलं.

"पास आजोबा."

ते उठले आणि बाहेर जाऊन सुतळी तपासून आले.

दुसऱ्याच दिवशी राजदीपच्या माणसांनी वरचा पातळ थर टाकला. हा मात्र गरम, वाफाळता. मामाजी सुतळीपाशी उभे. रस्ता सुतळीच्या खाली राहिला. निळ्या टाइलची पायरी वर राहिली, तुटक्या कोपऱ्यासकट. उन्नतीनं बैठक रिकामी केली, पुढच्या साइटवर निघाली. जाताना कढई घासून द्यायला लागली. मी म्हटलं, राहू दे. तो वास तसाही जाणार नव्हता.

रस्ता थंड झाला, गाड्या सुरू झाल्या. मग एक दिवस मी पहाटे उठले, भिंतीपाशी पालथा असलेला गुंड सरळ केला, नळावर अर्धा भरला आणि गेटबाहेर गेले. मामाजी ओट्यावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ओंजळ भरली आणि टाकली. सवय नव्हती, जरा जोरात गेली.

पाणी रस्त्यावर थांबलं नाही. नव्या डांबरावर ते आधी थेंबांनी उभं राहिलं, मग एकमेकांना धरून पायरीपासून लांब सरकायला लागलं. हळूहळू, वाळलेलं एक पान सोबत घेऊन, रस्ता ओलांडून पलीकडे. मामाजी ओट्यावरून पुढं वाकून त्या धारेकडे बघत होते. माझीही दुसरी ओंजळ तशीच हातात राहिली आणि बोटांतून गळून गेली.

धार नालीपाशी पोचली आणि आत पडली.

"गेलं," मामाजी म्हणाले.

"हाव."

पलीकडून गुलाबनं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत गेली. मामाजींनी नाक शिंकरलं.

"सुनबाई," ते म्हणाले, "एवढ्या जोरात नाही मारे नलू. हात हलका ठेवजो."

त्यांच्या तोंडून मामीजींचं नाव ऐकत मी ओंजळ पुन्हा भरली. हात हलका ठेवायचा प्रयत्न केला, पण समोरचं नीट दिसत नव्हतं.